सक्षम प्राधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला, फ्लॅटचा ताबा कसा मिळवू? (पुणे)

इरावतीकाठ
कोथरूडचा टू बीएचके लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मुदत मार्चमध्ये संपली, माणूस हलत नाही, पैसेही बंद. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४ (मुदत संपल्यावर ताबा परत मिळण्याचं) खाली सक्षम प्राधिकाऱ्यांकडे (असे अर्ज ऐकणारे सरकारी अधिकारी) अर्ज केला, तर 'अधिकारक्षेत्रात येत नाही' म्हणून फेटाळला. करार रजिस्टर्ड आहे, अजून काय हवं? आईबाबा कायमचे इकडे येताहेत. लवकर सांगा.

घाटमाथा
आदेशात कारण काय लिहिलंय? जागा राहायला दिली होती की धंद्याला?

पेठकर
चौकीत जा. माझ्या मामांनी एका दिवसात खोली खाली करून घेतली.

घाटमाथा
पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतात. मामांचा भाडेकरू घाबरला असेल.

पेठकर
मग पाणी तोडा. आपोआप जाईल.

समईज्योत
अजिबात नको! भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे. उलट तुम्हीच आरोपी व्हाल.

नवामुंबईकर
२०२१ च्या केंद्राच्या नव्या कायद्यात भाडे न्यायाधिकरण आहे, तिकडे जा.

घाटमाथा
तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

सोसायटीसदस्य
नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट दुसऱ्याला दिला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेत असतील तर तक्रार करा.

इरावतीकाठ
चार्जेसचा विषयच नाही हो. करारात असं आहे: 'सदर सदनिका फक्त शिकवणी वर्ग चालवण्याकरिता वापरण्यास दिली आहे.' पण फ्लॅट तर रहिवासीच आहे ना! टॅक्सही रहिवासी दरानेच भरतो.

घाटमाथा
मग कारण हेच. कलम २४ 'राहण्यासाठी' दिलेल्या जागेपुरतं आहे. बांधकाम कसलं, टॅक्स कुठला, हे तिथे बघत नाहीत. जागा कशासाठी दिली ते बघतात. शिवाय लेखी करारातला मजकूर त्या कलमात निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे तोंडी काहीही सांगून उपयोग नाही. राहायला देऊन त्याने गुपचूप क्लास काढले असते तर अर्ज टिकला असता. सक्षम प्राधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे, कायद्याने हातात दिलं तेवढंच ते करू शकतात.
तुमचा दावा शिवाजीनगरला लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट). मुदतीनंतर जागा न सोडल्याबद्दलची कलम २४ मधली दुप्पट भरपाई विसरा. ताबा, थकबाकी आणि मुदतीनंतरच्या वापराचे पैसे मागा. चुकीच्या ठिकाणी प्रामाणिकपणे गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो, म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा.

पेठकर
कोर्टात वर्षं जातात. थोडे पैसे सोडा, किल्ली घ्या.

समईज्योत
या एका गोष्टीत पेठकरांशी सहमत. पण लेखी, आणि डिपॉझिट परत करायचं ते किल्ली हातात पडल्यावरच.

इरावतीकाठ
डिपॉझिट माझ्याकडेच आहे. थकबाकी आताच वळती करून घेतली तर चालेल?

घाटमाथा
करारात तशी अट आहे का ते आधी वाचा. नसेल तर परस्पर वळती नको, हिशेब दाव्यात मांडा.

इरावतीकाठ
अट आहे, बिलांसकट. उद्या नकलेचा अर्ज टाकतो. लघुवादची कामं करणारे पुण्यातले वकील कुणाला माहीत असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.