अनुभव धागा : गरब्यात टिकलेले घरचे दागिने

मंडळी, नवरात्र तोंडावर आलंय. आपल्या बडोद्याच्या मंगळ बाजारात ऑक्सिडाइजच्या सेटांचे ढीग लागले असतील, आणि दरवर्षीप्रमाणे आपण ते घेऊ, दुसऱ्या रात्री कानाच्या पाळ्या चोळत बसू. म्हणून यंदा विचारते : लोकर, कागद, पुठ्ठा, आरसे, मणी असल्या स्वस्त साहित्यातून तुम्ही घरी काय केलंत? फोटोपुरतं नको. घालून नाचलात, घाम आला, गर्दीत धक्के खाल्लेत, तरी अंगावर राहिलं ते सांगा. कशाने चिकटवलं तेही लिहा, कारण खरी गोम तिथेच असते. विषयांतर चालेल, पण मजेशीर हवं. नाव नको, वर फक्त आपला भाग लिहा.

वाडी
लोकरीचे गोंडे. दुसरं काही सांगणार नाही. जेवणाच्या काट्यावर लोकर गुंडाळायची, दात्यांच्या मधून दोरा ओवून करकचून बांधायची, दोन्ही कडा कापायच्या, की झाला गोंडा. वर एक आभला, म्हणजे छोटा आरसा, लावला की लटकण तयार. वजन जवळजवळ नाहीच, आणि फेरीत गिरकी घेताना उडतात ते इतके छान की बस! घाम लागला तर साबणाच्या पाण्यात बुचकळून वाळवायचे. हुक मात्र स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या हुकांतल्या निकेलने पुष्कळांना खाज सुटते. तेच हातात असतील तर वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, आणि तो निघाला की पुन्हा.

दांडिया बाजार
क्विलिंगच्या, म्हणजे कागदी पट्ट्या वळून केलेल्या झुमक्या. कागदाच्या म्हटलं की सगळे हसतात, म्हणून जरा सविस्तर.

पाच मिलिमीटरच्या पट्ट्या टोकाला टोक चिकटवून लांब करायच्या आणि घट्ट चकली वळायची. मग खालून अंगठ्याने हळूहळू दाबत वाटीचा आकार आणायचा. घाई केली की मधलं टोक भसकन बाहेर येतं. आतून फेविकॉलचा जाडसर थर द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचं. इथवर सगळ्यांना येतं. पण पांढरा फेविकॉल पाण्याने पुन्हा मऊ पडतो, आणि गरब्यात मानेवरून घामाच्या धारा लागतात. म्हणून बाहेरून, आतून आणि मुख्य म्हणजे खालच्या कडेला पारदर्शक वॉर्निश. दोन हात, मध्ये पूर्ण वाळवून. ती कडच सगळे विसरतात, आणि झुमकी तिथूनच फुगायला लागते.

मणी लावायचेत ते वॉर्निशच्या आधी लावा.

सुभानपुरा
ग्लू गन धातूवर वापरू नका. गुळगुळीत पत्र्यावरून गोंद पापुद्र्यासारखा सुटून येतो. कापड, पुठ्ठा, लाकूड यांवर ठीक. बाकी माझं सगळं सुई-दोऱ्यावर चालतं.

रावपुरा
विषयांतर चालेल म्हणालीस, म्हणून आजीबाईंचं ऐक. नातवाला शाळेत महाराज व्हायचं होतं. बडोद्याचा महाराज म्हणजे सातपदरी मोत्यांचा हार आलाच! प्लास्टिकचे मोती आणले आणि उत्तरायणाच्या पतंगांचा उरलेला साधा दोरा घेतला. साधाच हं, मांजा नव्हे. मांज्याला काच असते, लेकराच्या गळ्यात ती नको. प्रत्येक पदर आधीच्यापेक्षा बोटभर लांब केला, नाहीतर सगळे एकावर एक बसून गुंता होतो. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचे त्रिकोण, त्यांवर सोनेरी कागद आणि मागे बांधायला नाडी.

महाराजांच्या खऱ्या हारातल्या मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरच्या वर गेला. आमचा अजून घरातच आहे. दोन पदर सोफ्याखाली गेले ते सोडून.

आता पुण्यात, मूळ फतेगंज
आजी, कमाल! मला बडोद्याच्या विद्यापीठातल्या ललित कला शाखेच्या पोरांची जत्रा आठवली. टाकाऊ वस्तूंतून काय काय करून विकायची ती मुलं! इथे सायकलची जुनी ट्यूब कापून कानातली केलीत. दिसतात काळी चामड्यासारखी, घामाचं काही वाटत नाही. आधी साबणाने घासून धुवा, वास जातो. बराचसा.

कारेलीबाग
पुरुषांनीही लिहिलं तर चालेल ना? मी बहिणीसाठी आइस्क्रीमच्या काड्यांची हातातली कडी करतो. काड्या अर्धा तास पाण्यात उकळायच्या, मऊ झाल्या की हळूहळू वाकवून काचेच्या ग्लासात आतल्या बाजूने बसवायच्या. दिवसभरात वाळून तोच आकार धरतात. काही मोडणारच, जास्तीच्या घ्याव्यात. ग्लास मनगटाच्या मापाचा निवडा. कडं एका बाजूने उघडं राहतं, त्यामुळे माप थोडं मागेपुढे झालं तरी खपतं. मग गेरूच्या रंगावर पांढऱ्या ॲक्रिलिकने वारलीची माणसं, वर वॉर्निश. टिपरीचा फटका बसला तर टवका उडतो, कडं सहसा तुटत नाही. बहीण यंदा बाजूबंद मागतेय, आणि तिच्या दंडाच्या मापाचा ग्लास काही मिळेना. कोणी केलाय का?

दांडिया बाजार
लोणच्याची छोटी बरणी बघ. आमच्याकडे तीच वापरतात.