मदत हवी आहे : घाटमाथ्यावरून समुद्रापर्यंत पाच दिवस पायी, सोपा मार्ग कोणता?

शाहूपुरीकर
नमस्कार. घाटमाथ्यावरून निघून समुद्रापर्यंत चालत जायचे आहे. हाताशी पाच दिवस आहेत. आंबा, गगनबावडा, फोंडा आणि आंबोली या चारही घाटांची माहिती वाचून काढली. जितके वाचले तितका गोंधळ वाढला. येत्या सोमवारी रजेचा अर्ज द्यायचा असल्यामुळे कृपया नेमका एकच मार्ग सुचवावा. गडकोट सर करायचे नाहीत, सावकाश चालायचे आहे.

घाटवेडा
आपण विचारता आहात ती वाट पूर्वीपासून आहे. कोल्हापूरहून गारगोटीमार्गे एसटीने पाटगावला जा, मौनी महाराजांच्या मठाजवळ मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी भटवाडी, चिक्केवाडी करत रांगणा किल्ल्यावर पोहोचा आणि कोकण दरवाजाने खाली नारूरला उतरा. तिथून माणगाव, कुडाळ, वालावल, परुळे असे करत पाचव्या दिवशी भोगव्याच्या वाळूत पाय ठेवाल. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी बसल्यावर आधीच्या चार दिवसांचा शीण उरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. डांबरी रस्त्याने घाट उतरणे म्हणजे घाट पाहणे नव्हे.

पन्हाळा प्रेमी
कोल्हापूरकरांनी आधी पन्हाळा ते पावनखिंड चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै १६६० मध्ये महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेवर पावसात चालताना अंगावर काटा येतो. मी अनेक वर्षे न चुकता जातो. मुक्कामाची, जेवणाची सोय वाटेवरच्या गावांतून होते.

शाहूपुरीकर
पन्हाळा प्रेमी, आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु त्या वाटेवर समुद्र येत नाही आणि आम्हाला समुद्रच गाठायचा आहे. घाटवेडा, रांगण्याची वाट मनापासून आवडली. उतार कसा आहे?

तळकोकण
उताराचे नंतर पाहू. माणसे किती, वये काय, महिना कोणता आणि सामान कोण उचलणार, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. ऑक्टोबरात निघालात तर झाडीत जळवा असतील आणि खाली उतरताच उकाड्याने हैराण व्हाल. डिसेंबर, जानेवारीत निघालात तर भातकापणी उरकलेली असते, मळे कोरडे असतात आणि गावागावांतून पाणंदीने चालता येते. शिवाय तेच दिवस आमच्याकडच्या जत्रांचे असतात. मुक्कामाच्या गावी रात्री दशावतार असेल, तर दुसऱ्या दिवशीची चाल अर्धी करा. कारण तो पहाटेपर्यंत चालतो आणि अर्ध्यावर उठवत नाही.

शाहूपुरीकर
क्षमस्व, हे लिहायला हवे होते. आम्ही तिघे आहोत: मी, माझी बहीण आणि वडील. वडील ६८ वर्षांचे आहेत. ते रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात, त्यामुळे चालण्याची सवय चांगली आहे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा धरला आहे. ही कल्पना वडिलांचीच आहे. त्यांची आजी वेंगुर्ल्याकडची होती आणि बैलांच्या तांड्याबरोबर घाट चढून सासरी आली, असे त्यांनी लहानपणापासून ऐकले आहे.

फिजिओताई
दादा, गुडघ्याचा उल्लेख पहिल्याच ओळीत हवा होता; त्याने सगळा सल्ला बदलतो. रांगण्याहून नारूरला उतरणारी वाट काकांसाठी नको. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो, कारण प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना शरीर सावरून धरावे लागते. पायाखाली सुटे दगड आणि वाळलेला पाला असेल तर तोल जाण्याची भीती वेगळीच. रंकाळ्याची फेरी सपाट आहे, त्यामुळे तिच्यावरून उताराचा अंदाज येत नाही. आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला, तर आतापासून आठवड्यातून दोनदा जोतिबाच्या पायऱ्या हळूहळू उतरण्याचा सराव करा आणि संध्याकाळी गुडघ्याला सूज येते का ते पाहा. दोन्ही हातांत काठ्या घेतल्या तर बराच भार हातांवर जातो. एकाच हातात काठी धरून एकीकडे कलत चालू नये.

घाटवेडा
ताई, नारूरच्या वाटेने गावातली वयस्कर माणसे डोक्यावर ओझे घेऊन ये-जा करत आली आहेत. गुडघ्याचे निमित्त करून प्रत्येकाला डांबरावर ढकलू नये.

फिजिओताई
ती माणसे जन्मभर त्या वाटेवर चालली आणि त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. शिवाय जंगलात, जिथे गाडी पोहोचत नाही अशा जागी काकांचा पाय मुरगळला, तर त्यांना उचलून कोण आणणार?

निवृत्त चालक
मी कित्येक वर्षे आंबोली घाटात एसटी चालवली, म्हणून लिहितो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. ही उंची कुठूनही उतरलात तरी तेवढीच राहते. पायवाट ती थोडक्या अंतरात उतरवते, तर गाडीरस्ता वळणे घेत कित्येक किलोमीटरांत वाटून देतो. बाबांसाठी हाच रस्ता योग्य आहे. पहिल्या दिवशी आजऱ्यावरून एसटीने आंबोलीला या, हिरण्यकेशी नदीच्या उगमापर्यंत पाय मोकळे करा आणि तिथेच राहा. दुसऱ्या दिवशी उजाडताच घाट उतरायला लागा. दाणोलीला साटम महाराजांची समाधी आहे, तिथपर्यंत पोहोचलात की दिवस पुरे. तिसऱ्या दिवशी सावंतवाडी गाठून मोती तलावाकाठी विसावा घ्या. पुढचे दोन दिवस तळवडे, होडावडे, तुळस करत वेंगुर्ले. आंबोली ते सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटर आहे आणि तिथून वेंगुर्ले जवळपास तेवढेच.
घाटात एक पथ्य कटाक्षाने पाळा. समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने, एकामागे एक चाला. मात्र अवघड वळणावर डोंगराच्या कुशीला चिकटू नका, कठड्याकडच्या बाहेरच्या बाजूला जा. वळणाच्या आत चालणारा माणूस चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. शनिवार, रविवार टाळा.

सायकलस्वार
हेच अंतर सायकलने दोन दिवसांत होईल. गिअरची सायकल भाड्याने मिळू शकते.

तळकोकण
त्यांना चालायचे आहे. चालक काकांच्या मार्गाशी मी सहमत आहे, फक्त सावंतवाडीच्या पुढे पूर्ण वेळ मुख्य रस्त्याने जाऊ नका. कुणालाही विचारा, वाडीवाडीतून जाणारी वाट दाखवतील. थोडा वळसा पडेल, पण माड-पोफळीची सावली मिळेल. खाली दमट हवेत घाम फार जातो. सहाला निघा, अकराला थांबा आणि उरलेले अंतर उन्हे कलल्यावर चाला. वडिलांच्या पाठीवर काहीही देऊ नका. सामान रोज सकाळी रिक्षाने पुढच्या मुक्कामी पाठवता येते. तुळसला खोली मिळेलच असे नाही, म्हणून सावंतवाडीत दोन रात्री राहा: चौथ्या दिवशी होडावड्यापर्यंत चालून एसटीने परत या आणि पाचव्या दिवशी एसटीने तिथेच उतरून पुढे निघा.

घाटवेडा
वडिलांचे वय आणि शस्त्रक्रिया आधी कळली असती, तर मी रांगणा सुचवला नसता. तरीही एक विनंती आहे. आंबोलीत पहिल्या दिवशी महादेवगडापर्यंत जा. हवा स्वच्छ असेल तर खाली उतरत गेलेले कोकण एका नजरेत दिसते. दुसऱ्या दिवशी आपण कुठे चाललो आहोत हे काकांना तिथे उभे राहून कळेल.

शाहूपुरीकर
सर्वांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांना भेटून आलो. सपाट रस्त्याला त्यांची हरकत नाही. घाटात मात्र सलग दोन तासांपेक्षा जास्त उतार नको आणि काठ्या हव्यातच, असे त्यांनी बजावले. हे ऐकून वडील नाराज झाले, कारण त्यांना पूर्ण घाट चालूनच उतरायचा होता. अखेर असे ठरले की आंबोलीतून उजाडताच निघून दोन तास चालायचे, मागून येणाऱ्या एसटीला हात करून दाणोलीला जायचे आणि तिथून पुढे समुद्रापर्यंत एकही पाऊल गाळायचे नाही. मग होडावड्यापर्यंतची येजा त्यांना मान्य आहे, कारण जिथे थांबलो तिथूनच पुढे निघणार आहोत. चालक काका, एकच शेवटचे विचारतो: घाटात मधल्या जागी हात दाखवल्यावर एसटी थांबते का?

निवृत्त चालक
वळणावर आणि तीव्र उतारावर थांबवता येत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. आदल्या संध्याकाळी आंबोलीच्या थांब्यावर सकाळच्या गाडीच्या वाहकाची किंवा चालकाची गाठ घ्या, बाबांचे सांगा आणि सरळ, रुंद जागा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. गाडी येण्याआधी पंधरा मिनिटे तिथे उभे राहा.