कायदा होता, तरीही

"१९७६ पासून समान वेतनाचा कायदा आहे, मग बाईला कमी पगार कोण देईल?" असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. कायदा झाल्यावरही मुंबईतच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनो बायकांना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. त्यांच्यातल्याच एक, ऑड्रे डिकॉस्टा, कोर्टात लढल्या. बायका साहेबांच्या खासगी स्टेनो, म्हणून त्यांचं काम वेगळं, हा कंपनीचा बचाव सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये फेटाळला. परवडत नाही ही सबबही ऐकली नाही.

पण तिथे तुलनेला पुरुष स्टेनो तरी होते. आमच्या चाळीत बायका घरी बसून कपड्यांचे धागे कापतात, नगावर पैसे. या कामाला पुरुष कुणी बसतच नाही. मग समान कुणाशी मोजायचं? मला तर खरी मेख हीच वाटते.