अनुभव धागा : परकी बोली कानाला कळू लागली तो दिवस

जळगावात शिक्षिका म्हणून आले, त्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, "मॅडम, फया पुसू का?" मी दोनदा ‘काय?’ केलं. तिसऱ्यांदा त्याने डस्टर वर धरलं. फळा! त्यानंतर ‘शाया’, ‘केयी’, ‘पोयी’ मला कुणी समजावून सांगितलं नाही. ‘ळ’चा ‘य’ होतो हे कानानेच शोधून काढलं. 2003 मध्ये डच श्रोत्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘फ’ आणि ‘स’ यांच्या मधला एक संदिग्ध आवाज ओळखीच्या शब्दांत पेरला होता. ज्यांनी तो ‘फ’च्या शब्दांत ऐकला, त्यांना पुढे तसा आवाज ‘फ’ वाटू लागला, बाकीच्यांना ‘स’. शब्द ओळखीचा असला की मेंदू त्याच्या आधाराने आवाजाची हद्द सरकवतो. तुमची कशी सरकली? सविस्तर लिहा.

धुळ्याहून, दवाखान्यातून :
मी कोकणातली. एक आजी म्हणाली, "मना गया दुखस." मला हिंदीतलं ‘गया’ ऐकू आलं. कोण गेलं, कधी गेलं, विचारत बसले. आजीने गळ्याला हात लावला तेव्हा उलगडलं. मास्कच्या दिवसांत तर फार हाल झाले. ऐकताना आपण बोलणाऱ्याचे ओठही वाचत असतो, हे ओठ झाकल्यावरच कळतं. त्यात वर पंखा, बाहेर रांगेचा कलकलाट. कान आणि डोकं दोन्ही शिणून जायचं. आता ‘गया’, ‘डोया’ ऐकताना क्षणभरही अडत नाही.

अमळनेरहून :
एक सांगणं आहे. अहिराणीला, म्हणजे खानदेशातल्या या बोलीला, ‘मराठीचा हेल’ म्हणू नका. ‘घरमा’, ‘आंडोर’, ‘तुना’ हे नुसते बदललेले उच्चार नाहीत, शब्द आणि व्याकरणच वेगळं आहे. ग्रिअर्सनच्या ब्रिटिश काळातल्या भाषा-पाहणीत ती ‘खानदेशी’ या नावाने आहे, पण मराठीच्या खंडात नाही, भिल्ल भाषांबरोबर आहे. उच्चार कानाला लवकर बसतो. आंडोर म्हणजे मुलगा, हे मात्र कुणीतरी सांगावंच लागतं.

भुसावळहून :
रेल्वे कॉलनीत वाढलो. शेजारी तमिळ, समोर बिहारी, मागे लेवा बोली बोलणारं कुटुंब. नवा कुणी बदलून आला तरी त्याची हिंदी मला कधी अवघड गेली नाही. 2008 चा एक अभ्यास वाचला : चिनी उच्चारांच्या धाटणीची इंग्रजी अनेक जणांच्या तोंडून ऐकलेल्यांना त्याच धाटणीचा अनोळखी माणूसही चांगला कळला. आमच्या ओट्यावर हेच रोज घडत होतं.

यावलची, सध्या पुण्यात :
मुलाखतीत मी हिशोब बरोबर सांगत होते, आणि समोरचे दोघे माझ्या ‘मले’वर एकमेकांकडे बघत होते. नोकरी मिळाली नाही. घरी येऊन आरशासमोर ‘मला, मला’ घोकलं. पुढे 2010 चा प्रयोग वाचनात आला : परक्या धाटणीत सांगितलेली साधी माहिती लोकांना कमी खरी वाटते, ती दुसऱ्याची आहे आणि बोलणारा फक्त निरोप्या आहे हे ठाऊक असूनही. ऐकणाऱ्याच्या मेंदूला पडलेले कष्ट बोलणाऱ्याच्या खाती जमा होतात. आणि 2004 च्या एका प्रयोगात परकी धाटणी ऐकताना पडणारे हे जादा कष्ट एका मिनिटाच्या आतच कमी झाले होते! त्या दोघांकडे अर्धा तास होता. अजून वाईट वाटतं. आईशी फोनवर मी ‘मले’च म्हणते.

चोपड्याहून :
माहेर सातारा. सासूबाईंच्या बोलण्याने बाळ गोंधळेल, अशी मला भीती होती. मग 1984 चं एक संशोधन सापडलं : इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखत होती, वर्षाची होईतो ती ओळख पुसट झाली. ऐकायला मिळतं तेच टिकतं. मग मी सासूबाईंना त्यांच्या बोलीत लेकीशी बोलू दिलं. लेक आता सव्वा वर्षाची आहे. आजी म्हणते "डोया", मी म्हणते "डोळा"; ती दोन्ही वेळा त्याच डोळ्याला बोट लावते.