पळणं बंद असताना काय चालू ठेवलंत? (अनुभव धागा)

नोव्हेंबर-डिसेंबर आला की आपल्याकडे दुखापतींचा हंगाम सुरू होतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी रविवारचे पल्ले वाढलेले असतात आणि नेमकी तेव्हाच कुणाची टाच, कुणाची नडगी, कुणाचा गुडघा कुरकुरायला लागतो. डॉक्टर सांगतात, सहा आठवडे पळायचं नाही. त्या सहा आठवड्यांत करायचं काय, हे मात्र बहुतेकांना ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. म्हणून हा धागा.

दुखावलेला असतो तो पायाचा एक भाग. हृदय, फुप्फुसं, पाठ, पोट, दंड यांना सोबत सुट्टी द्यायचं काही कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या आठवडाभरात दम फारसा जात नाही. पण तीन-चार आठवडे नुसतं बसून काढले तर रक्तातला प्लाझ्मा घटतो, प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं, आणि मग जिना चढतानाही फरक कळतो.

मला या बाबतीत नेहमी अमेरिकेची मॅरेथॉनपटू जोन बेनॉइट आठवते. एप्रिल १९८४ मध्ये तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि अमेरिकेची ऑलिंपिक निवड शर्यत होती १७ दिवसांवर, १२ मे रोजी. पाय चालत नव्हता तेव्हा तिने व्यायामाच्या सायकलची पेडल हातांनी फिरवली. गुडघा जपता जपता दुसऱ्या पायाचा मांडीमागचा स्नायू दुखावला, तरी ती निवड शर्यत जिंकली. ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली, २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत. तिची घाई आपण करायची नाही. हातांनी पेडल मारण्याची जिद्द मात्र घ्यावी.

लिहिताना निदान काय झालं होतं ते जरूर सांगा. दुखणं बदललं की चालणारा व्यायामही बदलतो.

पुण्याहून

माझं निदान: नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने गेलेला बारीक तडा. एक्स-रे स्वच्छ आला होता, एमआरआयमध्ये दिसलं. सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, त्यामुळे 'काही नाही, मुरगळलं असेल' यावर थांबू नका.

चालताना दुखायचं थांबल्यावर डॉक्टरांनी पाण्यात पळायला परवानगी दिली. तलावाच्या खोल भागात, कमरेला तरंगणारा पट्टा बांधून. पाय तळाला लागता कामा नयेत, म्हणजे हाडावर भार शून्य. अंग सरळ, किंचित पुढे झुकलेलं, गुडघा वर, मग पाय मागे रेटायचा. हात जमिनीवर पळताना हलतात तसेच. नुसतं डुंबत राहिलं तर काही उपयोग नाही. मी एक मिनिट जीव तोडून आणि अर्धा मिनिट सावकाश असे फेरे करायचे. घड्याळातली नाडी बघून हिरमुसू नका, पाण्यात ती तेवढ्याच मेहनतीला साधारण दहा ठोक्यांनी कमी दाखवते. पहिले काही दिवस फार कंटाळा येतो. मी शेजारच्या लेनमधल्या आजींशी गप्पा मारत सावकाश भाग काढायचे, जोरात असताना बोलणं बंद.

फिजिओने दोन गोष्टी विचारल्या ज्या आधी कुणी विचारल्या नव्हत्या: पाळी नियमित येते का, आणि पळण्याच्या मानाने जेवतेस का? बायकांनो, हे वाचून पुढे जाऊ नका. खाणं कमी पडलं की पाळी लांबते, हाडं कमजोर होतात, आणि हाड तडकणं हा त्याचाच परिणाम असू शकतो. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

परत पळायला लागले तेव्हा दम जवळपास होता तसा होता, आणि धोका तोच. दम म्हणतो पळ, हाड अजून तयार नसतं. आधी अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही ना ते पाहिलं, मग एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं. सलग दोन दिवस पळणं नाही.

डोंबिवलीहून

अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा, दुखायचा टाचेच्या थोडं वर. बिल्डिंगच्या जिन्याची पायरी हाच माझा व्यायाम. चवड्यांवर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्या पायावर हळूहळू खाली. १५ चे ३ संच गुडघा सरळ ठेवून, ३ वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत आहे. थोडं दुखतं, तेवढं चालतं. मात्र दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका. दमासाठी सोसायटीच्या जिममधली सायकल.

साताऱ्याहून

वय ६३. गुडघ्याच्या वाटीमागे दुखायचं. चढ चढताना त्रास नाही, उतरताना कळ. म्हणून अजिंक्यताऱ्यावर रोज चढून जायचो आणि खाली यायला मुलगा स्कूटर घेऊन यायचा. चढाला छाती चांगली भरून येते आणि गुडघ्याला धक्का बसत नाही. सोबत भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं आणि सरळ पाय उचलणं. आता यवतेश्वरचा घाट पुन्हा पळत चढतो, उतार अजून चालत.

ठाण्याहून

टाचेखालच्या दुखण्यासाठी बाकी सगळं केलं, पण मला तारलं ते रविवारच्या गटाने. पळता येत नव्हतं तेव्हा पाणी-संत्री वाटायला जायचो. पहाटे उठायची सवय मोडली नाही.

लातूरहून

मी पोलीस भरतीची तयारी करायलेय. मुलींना ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. डांबरी रस्त्यावर पळून दोन्ही नडग्या आतून दुखायल्या. अकादमीतले सर म्हणाले, तोवर गोळ्याचे गुण पक्के कर. म्हणून ४ किलोचा गोळा, जोर, पोटाचे व्यायाम चालू आहेत. तलाव जवळ नाही, सायकल आहे. पुण्याच्या ताई, माझंही तुमच्यासारखं हाड तडकलं असेल का? मैदानी चाचणी कधी लागेल सांगता येत नाही, भीती वाटते.

पुण्याहून

अगं, आतल्या कडेने बोटाने दाबत वरून खाली ये. वीतभर पट्टा सगळाच दुखत असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाला सूज असते. सायकल चालेल, पळणं मातीवर आणि कमी. एका बोटाखाली मावेल एवढीच जागा ठणकत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर पळणं आजपासून बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एक्स-रेत काही नाही म्हणाले तरी 'एमआरआय लागेल का' हे विचारच.

लातूरहून

डावीकडं सगळा पट्टा दुखतोय. उजवीकडं एकाच जागी जास्त आहे. सोमवारी सिव्हिलला जाऊन दाखवते, सरांनाही सांगते. तोवर गोळा उभ्यानंच फेकते, मागून सरकत येऊन नको.