मदत हवी आहे: बाबांना साऊथ सिडनी रॅबिटोज या रग्बी लीग क्लबचा इतिहास कसा समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही सिडनीत राहतो, बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत आणि शेजारच्या आजोबांशी त्यांची अशी गट्टी जमलीये की विचारू नका. आजोबा रॅबिटोजचे कट्टर, रविवारी बाबांना मॅचला नेणारेत. बाबांचं इंग्रजी जेमतेम, म्हणजे दुभाषी मी, आणि मला क्रिकेटपलीकडे ओ की ठो कळत नाही.

क्लब १९०८ चा, पहिल्याच वर्षी विजेते, १९७१ पर्यंत २० विजेतेपदं, एवढी इथे कोणाचीच नाहीत, इथवर बाबा खूश. मग आजोबांनी क्लाइव्ह चर्चिलचा फोटो दाखवून 'लिटल मास्टर' म्हटलं तर बाबा उखडलेच, लिटल मास्टर आपला गावसकर! चर्चिल १९४७ ला साऊथ्सकडून (म्हणजे रॅबिटोजकडूनच) खेळायला लागला तेव्हा गावसकर जन्मलाही नव्हता असं सांगितल्यावर गप्प बसले, पण पटलेलं नाही.

१९७० च्या फायनलमध्ये कॅप्टन जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला तरी पठ्ठ्या शेवटपर्यंत खेळला आणि मॅनलीला २३-१२ हरवलं, हे आजोबा स्वतःचा जबडा धरून ॲक्शनसकट सांगतात. बाबांचा प्रश्न, 'डॉक्टर नव्हता का मैदानात?'

आता खरी अडचण. एवढ्या मोठ्या क्लबला १९९९ नंतर लीगमधून काढलं, २००२ ला परत घेतलं, हे काय प्रकरण आहे ते सोप्या मराठीत सांगा ना कोणीतरी. शिवाय बाबांना कबड्डी कळते, तर खेळ त्यातून समजावता येईल का?

प्रतिसाद १:
पैशाची भानगड हो सगळी. ९० च्या दशकात टीव्हीच्या हक्कांवरून लीग फुटली, दोन गटांत जुंपली, समेट झाला तेव्हा २००० पासून फक्त १४ टीम ठेवायच्या असं ठरलं. बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज एकत्र झाले, साऊथ्सने कोणाशी संसार थाटायला नकार दिला म्हणून बाहेर. मग क्लबचा अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स कोर्टात गेला, लोक हजारोंनी सिडनीच्या रस्त्यावर उतरले, २००१ ला फेडरल कोर्टात अपील जिंकलं आणि २००२ ला टीम परत मैदानात. गंमत म्हणजे २००३ ला हायकोर्टाने निकाल उलटा दिला, पण तोवर हे आत येऊन बसले होते, कोण बाहेर काढतंय!

प्रतिसाद २:
कबड्डीचं चालेल की. १३ जण, बॉल हातात घेऊन घुसायचं, समोरचे पकड करतात तशी पकड, पण इथे धरला की बाद नाही, उठून बॉल पायाने मागे सरकवायचा आणि परत घुसायचं. सहा वेळा धरलं की बॉल समोरच्यांना. पुढे पास द्यायचा नाही, हे काकांना आधीच सांगून ठेवा नाहीतर दर मिनिटाला 'अरे पुढे दे की' म्हणून ओरडतील (माझे सासरे ओरडायचे). आणि २०१४ ची फायनल दाखवाच, ४३ वर्षांनी जिंकले, बुलडॉग्जला ३०-६. सॅम बर्जेसचं गालाचं हाड पहिल्याच धडकेत मोडलं, तरी पूर्ण खेळला आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल मेडल घेऊन गेला.

मूळ लेखक:
धन्यवाद दोघांनाही! बाबांना मेडलचं सांगितलं. म्हणाले, बरं, मग दोन लिटल मास्टर असू देत.