सरडेमाणसं असलेला गेम सुचवा, नेट न लागणारा

पाजपंढरी:
मंडळी, मी दापोलीकडे असतो, पावसात घरातच अडकलोय, लाईटचा भरवसा नाही, नेट रांगतंय आणि लॅपटॉप म्हातारा. घोरपडीसारखी दोन पायांवर चालणारी माणसं असलेला गेम पाहिजे, पण नुसती मारायला ठेवलेली नकोत, ग्राफिक्स कसे पण चालतील.

खाडीवाला:
ड्वार्फ फोर्ट्रेस घे डोळे झाकून, बुटक्यांची टोळी घेऊन जमिनीत खणत किल्ला वसवायचा गेम. अॅडम्स बंधूंचा गेम, २००६ पासून चालूय, डिसेंबर २०२२ ला स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, चित्रांसकट आला, तो विकत. जुना, नुसत्या चिन्हांचा त्यांच्या साइटवर फुकट आहे, सुरवातीला डोकं फिरतं पण नंतर सवय होते. खाली गुहांचे तीन थर असतात, तिथे रेप्टाइल मॅनच्या, म्हणजे तुझ्या सरडेमाणसांच्या टोळ्या भाले आणि फुंकनळ्या घेऊन फिरतात. ते काय तुझ्याशी गप्पा मारायला येणार नाहीत हां!

माडाखाली:
दादा, लॅपटॉप म्हातारा असेल तर सुरवातीला गेममधलं जग सगळ्यात छोटं बनवा, त्याचा इतिहास कमी वर्षांचा ठेवा आणि सेटिंगमध्ये लोकसंख्येला मर्यादा घाला, नाहीतर पुढेपुढे गेम गोगलगाय होतो. ऑटोसेव्ह पहिल्या दिवशीच चालू करा, आपल्याकडची लाईट माहितीये ना. आणि गुहा फोडायला घाबरू नका, एकदा फोडली की वरच्या तुमच्या मातीच्या खोल्यांतही शेवाळ नि अळंब्यांची झाडं उगवायला लागतात, गुरांना आयता चारा. फोडा, नि लगेच भिंत घालून बंद करा. वाट ठेवायचीच असेल तर लिव्हरवर उचलता येणारा पूल टाका, उचलला की तोच भिंत होतो, आणि मागे ओळीने पिंजऱ्याचे सापळे. सापळ्याला दगडाचं मेकॅनिझम नि एक पिंजरा, बास.

पाजपंढरी:
पकडले तर पाळता येतील काय?

माडाखाली:
नाही हो, ती बुद्धी असलेली जमात, गुरासारखी माणसाळत नाही. मला तर तेच बरं वाटतं. पण खानावळ काढलीत तर जमिनीवरचे प्राणीमाणूस कधीकधी पाहुणे म्हणून येतात, आवडलं तर राहायची परवानगी पण मागतात.

खाडीवाला:
आणि अॅडव्हेंचर मोडमध्ये, म्हणजे किल्ला सोडून एकच पात्र घेऊन जगात भटकायचं त्यात, तू स्वतःच प्राणीमाणूस होऊ शकतोस. घोरपडमाणूस आहे रे त्यात, खरंच!

पाजपंढरी:
मग ठरलं. मगरमाणूस पण असेल तर चिपळूणच्या दोस्ताला पण ओढतो, त्याच्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेतच.

खाडीवाला:
आहे की, पण खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा. वाशिष्ठीतली गोड्या पाण्यातली, दोस्त वाद घालणार बघ.